सासूबाईंच्या खापरपणजीचं माहेर

कॅनडाच्या फ्रेंचभाषिक क्विबेक प्रांतात सुना सासूला नावानेच हाक मारतात. मला ते कधी जमलं नाही, मी आईच म्हणते. या आई आता ७६ वर्षांच्या आहेत आणि गेली चार वर्षं आम्ही दोघी मॉन्ट्रियलच्या त्यांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांचे पूर्वज शोधतोय.

सुरुवात झाली डीएनए चाचणीने. नवऱ्याने वाढदिवसाला संच आणून दिला, आईंनी लाळ पाठवली, आणि निकालात हजारो लांबचे भाऊबंद निघाले. बहुतेक क्विबेकचेच, बाकीचे अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत कामाला गेलेल्यांचे वंशज. फ्रान्सचे मोजून तीन. "तिकडे आपलं कुणी उरलंच नाही का गं?" आई म्हणाल्या. उरलेत, पण फ्रान्समध्ये हौसेखातर अशी चाचणी करायला कायद्याने बंदी आहे, ३,७५० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा कागदांचीच वाट धरायची ठरली.

आणि कागद इथे आहेत हो! क्विबेकच्या चर्चमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी १६२१ पासूनच्या मिळतात. मॉन्ट्रियल विद्यापीठाने १९६६ मध्ये त्या एकमेकींशी जोडायचं काम हाती घेतलं. अडचण येते ती टोपणनावांची. सैनिकांना पलटणीत नाव पडायचं, लाज्यूनेस म्हणजे तरुण, सांसूसी म्हणजे निश्चिंत, आणि पुढे नातवंडांपैकी कुणी मूळ आडनाव लावायचं, कुणी टोपणनाव. एका लाज्यूनेसचा दुसऱ्याशी काही संबंध असेलच असं नाही. त्यात आमचे आठ महिने गेले.

पण मला खरं हलवलं ते वेगळ्याच गोष्टीने. या नोंदींत बाईचं नाव बदलत नाही. दोनदा लग्न होवो, दहा मुलं होवोत, दफनाच्या नोंदीतही तिचं जन्माचंच नाव-आडनाव. त्यामुळे आईकडून आईकडे असं मागे मागे जाता येतं. (१९८१ पासून तर क्विबेकमध्ये लग्नानंतरही बाईचं जन्मनावच कायद्याने चालू राहतं. माझंही तसंच राहिलं.)

असं जात जात आम्ही दहा पिढ्या मागे, १६६९ सालच्या एका लग्नाच्या करारापाशी पोचलो. नवरी 'राजाची मुलगी' होती. १६६३ ते १६७३ या दहा वर्षांत फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने सुमारे ८०० मुली स्वखर्चाने इथल्या फ्रेंच वसाहतीत पाठवल्या, कारण इथे पुरुष होते आणि संसार मांडायला बायका नव्हत्या. त्यांतल्या कित्येक पोरक्या होत्या. करारात तिच्या बापाचं नाव आहे, आईचं माहेरच्या आडनावासकट नाव आहे, आणि पॅरिसच्या सां-सुल्पीस चर्चचा उल्लेख आहे. शेवटी नोटरीने लिहिलंय की दोघांनाही लिहिता किंवा सही करता येत नाही असं त्यांनी सांगितलं. आईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तिच्या बाप्तिस्म्याची नोंद मिळणार नाही. १८७१ च्या मे महिन्यात, पॅरिस कम्यून या उठावाच्या शेवटच्या दिवसांत, ओतेल द व्हिल म्हणजे नगरभवन आणि न्यायालयाची इमारत जळाली. पॅरिसच्या जुन्या नोंदींची एक प्रत एकीकडे होती, दुसरी दुसरीकडे. दोन्ही गेल्या.

तिच्या नवऱ्याचा माग मात्र लागला. तो फ्रान्सच्या पेर्श प्रांतातला, तीन वर्षांच्या करारावर आलेला गडी. अशांना 'छत्तीस महिने'च म्हणत. त्याच्या गावच्या नोंदी ओर्न जिल्ह्याच्या अभिलेखागाराने घरबसल्या फुकट पाहता येतील अशा ठेवल्यात. त्याचा धाकटा भाऊ गावीच राहिला होता. त्या भावाच्या वंशाची यादी करून आम्ही तिथल्या नगरपालिकेला पत्र टाकलं. सहा आठवड्यांनी उत्तर आलं, एका ८३ वर्षांच्या आजींचं, हाताने लिहिलेलं.

गेल्या सप्टेंबरात गेलो. आधी पेर्शमधल्याच तूरूव्ह गावच्या चर्चमध्ये, जिथे रंगीत काचेच्या खिडकीत कॅनडाला निघालेला ज्युलियाँ मेर्सिए आहे आणि दुसऱ्या खिडकीत त्याचा वंशज, क्विबेकचा पंतप्रधान ओनोरे मेर्सिए, १८९१ साली तिथे आलेला. मग आजींकडे. दोघी म्हाताऱ्या समोरासमोर, सफरचंदाच्या सायडरचे पेले हातात, आणि बोलणं काही पुढे सरकेना. तेवढ्यात आजींनी खिडकीबाहेर पाहिलं आणि पुटपुटल्या, "इल मूय." पाऊस आला. शहरी फ्रेंच माणूस "इल प्ल" म्हणेल. आमच्या आई जन्मभर "इल मूय"च म्हणत आल्यात, आणि शाळेत त्यासाठी बोलणीही खाल्लीत. त्यांनी उठून आजींचा हात धरला. मग संध्याकाळपर्यंत दोघी थांबल्या नाहीत.

परतताना विमानात आईंनी विचारलं, "आणि तुझ्या पणजीचं नाव काय?"

मला सांगता येईना. नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत आमच्या घराण्याच्या सात पिढ्या आहेत, सगळे पुरुष. आमच्याकडे नवरीचं नवं नाव ताटातल्या तांदळात लिहितात, मग जुनं कुणी काढत नाही. साताऱ्याला आत्याला फोन केला तर म्हणाली, "माहेरचं नाव? तिला सगळे काकीच म्हणायचे गं."

तीन आठवड्यांनी रात्री अडीचला आत्याचाच फोन. माळा आवरताना पणजीच्या लग्नातली पितळेची परात निघाली होती. कडेला टिंबाटिंबांनी कोरलेलं, चि. सौ. कां. आणि पुढे एक नाव. आत्याने चिंच लावून घासून फोटो पाठवला. मी सकाळी तो आईंना दाखवला. त्यांनी ती तीन अक्षरं माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली आणि त्यांच्या वहीत, माझ्या नवऱ्याच्या नावाशेजारच्या माझ्या नावापासून वर एक रेघ काढून, वरच्या टोकाला लिहिली.