बाईंची दिवाळीआधीची वही

सुवर्णमहोत्सव समितीचं पत्र मिळालं. शाळेबद्दल चार शब्द लिहा, असं त्यात आहे. मैदान, गॅदरिंग, प्रयोगशाळेतला सांगाडा यांवर इतर जण लिहितीलच. मी बाईंवर लिहिणार. कोणत्या बाई हे सांगायला नको. आपल्याकडे शिक्षिका पुष्कळ होऊन गेल्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की एकच.

3 जानेवारीला, सावित्रीबाई फुलेंच्या जयंतीला, शाळेत भाषणं व्हायची. 1848 साल, भिडे वाडा, सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेलं शेण, सगळं ठसक्यात सांगितलं जायचं. बाई मागच्या खुर्चीवर गप्प बसून असत. ज्या पोरींनी ते ऐकायला हवं, त्या तोवर ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर साखर कारखान्याच्या फडावर पोचलेल्या असायच्या. बाईंचा मोसम त्याआधीचा, दसरा ते दिवाळी.

त्यांची एक दोनशेपानी वही होती. पानावर पट्टीने रकाने आखलेले: मुलीचं नाव, गावात मागे कोण राहणार, धाकटं भावंड किती महिन्यांचं, उचल म्हणजे तोडणीची आगाऊ रक्कम घेतली का आणि ती देणारा मुकादम कोण, थोरल्या बहिणीचं लग्न तिच्या कितव्या इयत्तेत झालं, मामाकडे किंवा आत्याकडे लग्नाचा मुलगा आहे का. शेवटच्या रकान्यावरून स्टाफरूममध्ये चेष्टा चालायची. पण कोणती मुलगी टिकणार आणि कोणती गळणार, हे गुणपत्रकापेक्षा या वहीतून आधी कळायचं.

कारण उघड आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल मिळते ती कोयत्यावर. अंधारात तोडणी सुरू, मग मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, तान्हं पोर सांभाळायला आणि भाकरी थापायला कोणीतरी लागतं, म्हणून आठवीतली मुलगी सोबत न्यायची. मागे ठेवली तर ‘वयात आलेली पोर, रात्री-अपरात्री जबाबदारी कोणाची?’ हा प्रश्न. मग तिसरी वाट उरते, लग्नाची. इकडची काळजी मिटते आणि तिकडच्या घराचा अर्धा कोयता पूर्ण होतो. शिवाय मुलगी जास्त शिकली तर नवराही तसाच शिकलेला शोधायचा, म्हणजे हुंडा वाढला. शहरातल्या लोकांना वाटतं, या आईबापांना लेकीची माया नसते. माया असते. हिशोब जुळत नाही.

आणि जिथे कायद्याचा हात सुटतो तिथेच हा हिशोब कडक होतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी. आईबाप तोडणीला गेल्यावर मागे राहणाऱ्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचं जेवणही आठवीपर्यंतच. म्हणून बाई नववीची वाट बघत बसत नसत, नाव वहीत चढायचं ते सातवीतच.

घरी जायच्या त्या सांजच्याला, सगळे घरात असताना. बोलणी बापाशी नाही, आधी आजीशी. एकत्र घरात बाप होकार देतो आणि थोरले चुलते किंवा आजी तो फिरवतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचा तोडगा असा: एका आजीकडे तीन मुली निजायला. प्रत्येकीच्या घरून महिन्याला पंधरा किलो ज्वारी, डाळ-तेल वेगळं, आणि पाण्याची पाळी वाटून दिलेली. यात दोन गोष्टी बिघडायच्या. एक, आजीच आजारी पडली की मुलगी शाळा सोडून तिच्या उशाशी. म्हणून वहीत दुसऱ्या एका बाईमाणसाचं नाव आधीच लिहिलेलं असे. दुसरी, जात. वेगळ्या आळीतली मुलगी घरात निजायला चालत नाही, असं तोंडावर सांगणाऱ्या आज्या होत्या. बाईंनी सुरुवात भावकीतल्या मुलींपासून केली, वाद घातला नाही. काही मोसमांनंतर आळ्या मिसळल्या, तेव्हा त्याची कुठे वाच्यताही केली नाही.

दहावीचा बोर्डाचा फॉर्म पालक निघण्याआधीच सहीसकट भरून घेत, कारण परीक्षा मार्चमध्ये असायची आणि तेव्हा आईबाप फडावर. मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली ऑफिसातून काढून वर्गप्रमुख मुलीकडे दिली. दर महिन्याची तीन-तीन दिवसांची गैरहजेरी त्याने बरीच उतरली.

बोनाफाइडचा प्रसंग जुन्या मंडळींना आठवत असेल. नववीतल्या एका मुलीचे चुलते आले, सोबत चांगल्या कपड्यातला एक पाहुणा. ‘दाखला हवाय, जन्मसाल तेवढं दोन वर्षं मागं धरा.’ बाई काही बोलल्या नाहीत. जनरल रजिस्टर काढलं, पान उघडून त्यांच्याकडे फिरवलं आणि पट्टी त्या ओळीखाली ठेवली. मग दाखला लिहिला. तारीख आधी अंकी, मग अक्षरी, एकेक अक्षर सुटं, खाडाखोड करायला जागाच राहू नये असं. नोंदीत बदल शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय होत नाही, एवढंच वाक्य. वय ठरवताना शाळेचा दाखला आधी बघितला जातो, हे त्या पाहुण्यालाही माहीत असावं, नाहीतर तो आलाच नसता. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवकाकडे जायचा रस्ता होताच. 2006 च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. बाई तिथवर गेल्या नाहीत. तक्रार झाली की मुलगी मावशीच्या गावी पाठवतात आणि लग्न तिकडे उरकतात, मग शाळाही गेली आणि मुलगीही. दाखला मात्र खरा दिला, आणि लग्न दोन वर्षं लांबलं. तेवढ्यात दहावी झाली.

मी आता अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्याकडच्या अंगणवाड्यांतही, असे रकाने आखायचा प्रयत्न करते, पण बाईंची सर नाही. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस आली, तिने बारावीपर्यंतच्या मुलींना मोठा आधार दिला. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी 41 तालुक्यांत मुलग्यांचं एक आणि मुलींचं एक अशी संत भगवानबाबा वसतिगृहं 2021 साली जाहीर झाली. शाळेला कंपाउंड झालं, कॅमेरे बसले. वही मात्र बंद झाली. आता सगळं ‘सरल’सारख्या सरकारी पोर्टलवर, मुलगी फडावर असली तरी पटावर असते, आणि आजी आजारी आहे का, हे विचारणारा रकाना तिथे नाही. दहावीनंतर भाऊ लातूरला क्लासला आणि बहीण जवळच्या कॉलेजात आर्ट्सला, हेही आहेच. गणितात तिचे गुण जास्त असले तरी.

समितीला एक विनंती. महोत्सवाच्या निधीतून प्रवेशद्वाराची कमान करायचं चाललंय असं कळलं. त्याऐवजी कार्तिक ते चैत्र मुलींसोबत रात्री राहणाऱ्या एका बाईचं मानधन धरा, त्यात नववी-दहावीच्या मुली घ्या, आणि नावं दसऱ्याच्या आतच लिहून काढा. दिवाळीनंतर उपयोग नाही, तोवर ट्रॅक्टर निघालेले असतात. कमानीचं पुढच्या वर्षी बघू.