चार झटके

दरवर्षी १४ एप्रिलला आम्हा अग्निशामक जवानांची मानवंदना असते. १९४४ साली याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. बिगुल वाजला की माझ्या डोळ्यांपुढे मात्र गोदी येत नाही. जत तालुक्यातली एक विहीर येते, आणि तिच्यात उतरलेले आबा.

मे महिना होता. वर्दी आली, विहिरीत दोघे बेशुद्ध. पाणी तळाला गेलं म्हणून पेट्रोल-रॉकेलवरचं इंजिनच खालच्या टप्प्यावर उतरवून तासभर चालवलं होतं. ते बंद करायला एक उतरला, पडला. त्याला काढायला भाऊ उतरला, तोही पडला.

गावकऱ्यांनी आधी कंदील सोडून पाहिला होता. तो जळत राहिला, म्हणून भाऊ निर्धास्त उतरला. कंदील विझतो तो ऑक्सिजन साधारण १६ टक्क्यांवर आला की. इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू हवेत एक टक्का झाला तर दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, आणि कंदील आपला जळतच असतो. वास नाही, धूर नाही. काहीजण बादलीने पाणी ओतत होते, पण हा वायू पाण्यात विरघळतो कुठे? ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून ताजी हवा ढकलणं हाच उपाय. ब्लोअर आमच्या गाडीवर नव्हता.

श्वसनसंच एकच होता. सहा लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाला भरला की १८०० लिटर हवा मिळते. त्या दिवशी काटा १२० वर होता. आदल्या आठवड्याच्या सरावानंतर भरून आणलाच नव्हता. भरायचा कॉम्प्रेसर दुसऱ्या गावात, आणि गाडी पाठवायला डिझेलची मंजुरी लागते! ५० बारला हवा संपत आल्याची शिट्टी वाजते. म्हणजे हातात ७० बार, ४२० लिटर. राबणारा माणूस मिनिटाला ५० लिटर सहज ओढतो. आठ मिनिटं.

आबांनी हा हिशोब माझ्याआधी केला असणार. लीडिंग फायरमन होते, वीस वर्षांची नोकरी. ‘एकाला तरी काढू,’ म्हणाले आणि उतरले.

पहिल्याला त्यांनी काखेतून दोरी घालून बांधलं. शिट्टी वरपर्यंत ऐकू येत होती. दोरीचे इशारे ठरलेले असतात: एक झटका ठीक, दोन पुढे, तीन ढील ओढून घ्या, चार मदत. पण वर दोरी गावच्या पोरांच्या हातात होती, त्यांना कोण सांगणार? झटके बसले, दोरी हलली नाही. मग आबांनी मास्क हनुवटीपासून उचलला आणि ओरडले, ‘ओढा!’

दोरी ओढली गेली. पहिला माणूस वर आला आणि वाचला. पॉझिटिव्ह प्रेशरच्या, म्हणजे मास्कमध्ये सतत दाबाने हवा सोडणाऱ्या, संचाचा मास्क उचलला की उरलेली हवा भसाभसा वाहून जाते. आम्ही वाकून पाहिलं तेव्हा आबा भिंतीला टेकून बसले होते, दमून बसावं तसे. दुसरा संच तालुक्याहून यायला पाऊण तास लागला. भाऊही गेला होता.

बातमीत ‘शूर’ लिहून आलं. होतेच ते. पण त्यांनी मास्क काढला तो शौर्य म्हणून नव्हे, आवाज वर पोचावा म्हणून. तेव्हापासून काठावर दोरी गावकऱ्याच्या हातात देत नाही. द्यावीच लागली तर आधी चार झटके त्याच्या मनगटावर देऊन दाखवतो.

संच वर आला तेव्हा काटा शून्यावर होता. नोंदवहीत त्या सकाळच्या रकान्यात ‘संच तपासला, ठीक’ असं लिहिलेलं होतं.