‘पकडण्याची पद्धत’ हा रकाना

मी अमळनेरची. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याजवळचे हंपबॅक डॉल्फिन कुठून कुठे फिरतात, हे फोटोंवरून शोधायचं, असा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प. पाठीवरच्या पराच्या कडेला खाचा, टवके असतात, त्यावरून एकेक डॉल्फिन ओळखता येतो. जाळं नाही, टॅग नाही, हातही लावायचा नाही. पण डॉल्फिन १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणून परवानगी हवी, आणि अर्ज ‘योग्य मार्गाने’ जायला हवा.

तो मार्ग जळगावच्या एका कार्यालयातून होता. तिथेच अर्ज पाच महिने पडून राहिला. फॉर्ममध्ये रकाने होते, ‘प्राण्यांची संख्या’ आणि ‘पकडण्याची पद्धत’. दुसरा कोरा सोडला, अर्ज परत. ‘लागू नाही’ लिहिलं, पुन्हा परत. संख्या काय लिहू? किती आहेत हेच तर शोधायचं होतं! दर सोमवारी गाडीने जळगाव गाठायचं, तर साहेब मीटिंगला. घरी आले की आजोबा विचारायचे, "काम व्हयनं का?" मला रडू यायचं. जानेवारीतला अर्ज, मे उजाडला. पुढे १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, होड्या किनाऱ्यावर. अख्खा हंगाम गेला, तो राग अजून आहे.

शेवटी माझ्या प्रकल्पाच्या सरांकडचे मालवणचे दोन जुने फोटो मोठे छापून साहेबांच्या टेबलावर ठेवले. तारखा वेगळ्या, पर एकच, टोकाखाली केळीचं पान फाटावं तशी खाच. साहेबांनी चष्मा चढवला, दोन्ही खाचांवर बोट ठेवलं. "एकच आहे की हा!" त्याच दिवशी सही झाली.

तेव्हा अर्जाला फोटोंचं एक पान पहिल्याच दिवशी जोडा. रकाना कोरा नको, ‘फक्त छायाचित्रण, स्पर्श नाही’ असं लिहा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका.

कॅमेऱ्याचं राहिलंच. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, पराचा फोटो काटकोनातून, डावी-उजवी बाजू वेगळी नोंदवा. होडी संथ, डॉल्फिनना समांतर. दुसऱ्या डॉल्फिनांच्या दातांचे ओरखडे पुसट होत जातात, खाच टिकते. धूसर फोटो जुळवायला घेऊच नका, चुकून जुळला तर दोन डॉल्फिनांचा एक होतो.

ऑक्टोबरपासून होडीत बसले, जुळवाजुळव मात्र अमळनेरला घरी परतल्यावर, रात्री. फेब्रुवारीत देवगडजवळ काढलेल्या एका फोटोत तीच फाटक्या पानासारखी खाच दिसली. मालवणचा तो देवगडला आला होता! मी आजोबांना उठवलं, स्क्रीन समोर धरली.

"व्हयनं, आजोबा. काम व्हयनं."