मोरीतलं पाणी, ४८ तास

रविवार, रात्र

दोन्ही मुलं झोपली. मोरीच्या दाराची वरची कडी लागली आहे ना, ते पुन्हा एकदा पाहून आलो आणि लिहायला बसलो. वॉटरप्रूफिंगचा दुसरा हात पूर्ण वाळला होता. म्हणून आज सकाळी जाळीच्या तोंडात बूच ठोकलं आणि मोरीत दोन बोटं पाणी भरून ठेवलं. आता ४८ तास तिथे काहीही करायचं नाही. पाणी उतरलं नाही, तरच फरशी घालायची.

घराचं काम सुरू झाल्यापासून असं थांबायचे दिवस बरेच आले होते. गिलाव्याला निदान सात दिवस पाणी मारत राहावं लागतं. टाइल चिकटवल्यावर सांधे भरायला २४ तास थांबावं लागतं. पुट्टीचा एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. हे सगळे दिवस मुलांचे होते आणि मी ते एकामागून एक दुसऱ्या कामाला देऊन टाकले. इकडे गिलावा वाळतोय तर तिकडची चौकट घासू, असं चाललं होतं. भिंतीने मला मोकळीक दिली, ती मी घेतली नाही.

मागच्या शनिवारचं लिहायचं राहिलं आहे. आठवडाभर टाळत होतो.

स्वयंपाकघरातल्या ओट्यामागच्या टाइल लावत होतो. भिंतीला अ‍ॅडहेसिव्ह लावून दात्याच्या करणीने नुकतंच ओढलं होतं. ते ओढलं की १५-२० मिनिटांत त्यावर साय धरते, आणि साय धरल्यावर बसवलेली टाइल पुढे कधीतरी पोकळ वाजते. तेवढ्यात थोरलीने हाक मारली, "बाबा, बघायला ये ना." मी म्हटलं, "पाच मिनिटं." तिने परत बोलावलं. मी परत तेच म्हणालो. ओळ संपवून, पाणसळ लावून, हात धुऊन बाहेर आलो तेव्हा अर्धा तास उलटून गेला होता. टाइलमध्ये घालायच्या स्पेसरचं, त्या अधिक चिन्हासारख्या प्लास्टिकच्या तुकड्यांचं, तिने एक गाव मांडलं होतं. मी आलो तेव्हा ती ते मोडून एकेक तुकडा मोजून डब्यात भरत होती. "तुला लागतील ना," म्हणाली. मी म्हटलं, पुन्हा मांड, मी बघतो. ती म्हणाली, "आता नाही आठवत कसं होतं ते."

रागावली नव्हती. सात वर्षांच्या मुलीने इतक्या समजूतदारपणे डबा बंद करावा, हेच मला सोसलं नाही.

रात्री हिला सांगितलं. ही म्हणाली, "तू पाच मिनिटं म्हणत जाऊ नकोस. खरी वेळ सांगत जा. तिला घड्याळ कळतं." एवढंच म्हणाली, पण त्यावरूनच मी कामाची नव्याने वाटणी केली. ओलं काम वेगळं आणि कोरडं काम वेगळं. अ‍ॅडहेसिव्ह, ग्राउट म्हणजे टाइलच्या सांध्यांत भरायचा लगदा, प्लास्टर, हे एकदा कालवलं की थांबत नाही. ते मुलं झोपल्यावर किंवा घराबाहेर असताना करायचं, आणि एका वेळी हात पोचेल तेवढंच कालवायचं. मापं घेणं, टाइल कापायच्या खुणा करणं, स्विचबोर्डाची झाकणं लावणं, हे कोरडं काम. यात हाक आली की हातातलं खाली ठेवता येतं. तेव्हा ठेवायचंच.

घासकाम कोरडं खरं, पण ते मुलांसमोर करायचं नाही हे मी सुरुवातीपासून पाळतोय. जुन्या रंगात शिसं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या ४ ते ५ पट शिसं शोषलं जाऊ शकतं. धाकटा तीन वर्षांचा आहे, त्याचा हात सारखा तोंडात. जुने रंग मी कोरडे घासत नाही. पाण्याने भिजवून, दार बंद करून खरवडतो, नंतर ओल्या फडक्याने पुसून घेतो, आणि त्या कपड्यांनिशी मुलांना उचलत नाही. संध्याकाळी तो दोन्ही हात वर करून धावत येतो आणि मला त्याला "थांब" म्हणावं लागतं. या सगळ्या कामात तो एक शब्द मला सर्वांत जड जातो.

तर आजचं पाणी. भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलने खूण केली आणि शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवली, तिलाही आतून खूण केली. थोरलीने विचारलं, बादली कशाला? तिला सांगितलं की पाणी हवेतही उडून जातं. दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं तर ते उडालं. मोरीतलं जास्त उतरलं तर कुठेतरी झिरपतंय. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "म्हणजे बादली खरं बोलणार." मग वहीत दोन रकाने आखले, एक मोरीचा आणि एक बादलीचा. दुपारी आणि संध्याकाळी मी कडी काढून तिचा हात धरून आत नेलं. तिने टॉर्च मारून, पट्टी लावून मापं घेतली. धाकटा हिच्या कडेवरून बघत होता. एवढ्याशा पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून बाहेर आल्यावर प्रत्येक वेळी कडी लावायची आणि "लागली" असं मोठ्याने म्हणायचं, हा नियम आहे. आता धाकटाच ते सगळ्यात आधी ओरडतो.

बाकीचा दिवस आम्ही जमिनीवर लोळून काढला. अ‍ॅडहेसिव्हची नवी गोणी दाराशी तशीच आहे. दिवसभर सुतळीसुद्धा कापली नाही. झोपायच्या आधी थोरलीने स्पेसरचा डबा मागितला. मी दिला आणि शेजारी बसून राहिलो. आधी रस्ता झाला, मग विहीर, मग एक घर. त्या घराला तिने दार ठेवलं नाही. विचारलं तर म्हणाली, अजून काम चालू आहे.

ते गाव आता खोलीच्या मधोमध तसंच आहे. दिवा न लावता त्याला वळसा घालून झोपायला जायचंय. उद्या सकाळी सातला तिसरं माप.