बरं म्हणाली

ऋतू "बरं" म्हणाली अन् वही मिटली. एवढंच झालं. भांडण नाही, रडणं नाही. तरी दही लावताना, ओटा पुसताना ते "बरं" काही डोक्यातून जाईना.

एक्स वर्ग अधिक एक्स वर्ग. तिनं उत्तर लिहिलेलं, एक्स घन. बाकीची लेकरं इथं घातांकांची बेरीज करून चौथा घात ठोकून देतात, ते मला पाठ आहे. हे वेगळंच होतं. म्हटलं, घन कामून गं? तर म्हणे, "आत्या, मी दोन घालून बघितलं की. चार अन् चार आठ. दोनचा घन पण आठच." चेहरा असा फुललेला! कुणी सांगितलेलं नसताना पोरीनं पडताळा घेतला होता.

मी म्हटलं, "तीन घाल." नऊ अन् नऊ अठरा, घन सत्तावीस. संपलं. मग माझं सरूप पदांचं, म्हणजे अक्षर अन् घात एकच असलेल्या पदांचं पुराण. घातांक आहे तसा ठेवायचा, सहगुणक, म्हणजे पुढं लागलेले आकडे, इथं एक अन् एक, तेवढे मिळवायचे, म्हणून दोन एक्स वर्ग. घातांकांची बेरीज होते ती गुणाकारात. भास्कराचार्यांनी ११५० सालीच लिहून ठेवलंय, एका जातीच्या राशी मिळवा, वेगळ्या जातीच्या वेगळ्या मांडा. तेही ऐकवलं. त्यावर ते "बरं".

सगळं बरोबर सांगूनही असं का वाटावं? ट्यूशनमध्ये शंका विचारायला सवड नसते, मान्य. लातुरात सगळेच पळायलेत. पण घरी? दादाला मीच म्हटलं होतं, राहू दे पोरीला, गणिताचं मी बघते. आता ट्यूशनच्या सरांना म्हणते तसंच ती मलाही "बरं" म्हणायली. माझी बीएस्सी तशीही दुधाच्या हिशेबापुरती उरलीय. ह्यांना सांगितलं तर म्हणे, "उत्तर बरोबर आलं ना? मग झोप." वहिनीचा फोन आला होता, त्यांना काही बोलले नाही. जाऊ दे.

शेवटी दुधाच्याच वहीत मागच्या पानावर मांडून बघितलं. दोनला जमलं कसं? वर्ग दोनदा घेतला म्हणजे दोन गुणिले वर्ग. एक्सच दोन असेल तर गुणणारा तो दोनही एक्सच की, मग घन होणारच! म्हणजे तीनचा वर्ग तीनदा घेतला की नऊ, नऊ, नऊ, सत्तावीस. पोरगी सगळ्या आकड्यांसाठी चुकली, दोनसाठी नाही. (शून्यालाही जमतं. पण शून्याचं काय, त्याला काहीही चालतं.)

एकटीच हसले. उठवावं वाटलं, पण पहाटेची बॅच आहे तिची, आणि झोपेतही "बरं आत्या"च म्हणायची. तीनचं सांगतच नाही आता. डब्यात चिठ्ठी टाकते, चारचा वर्ग किती वेळा मिळवला की चारचा घन होतो? लोणच्याचं तेल लागलं नाही तर वाचेल.