सेशनचा आकडा आणि आत असलेली माणसं

अ‍ॅडमिनच्या पानावर एवढंच दाखवायचं होतं: आत्ता लॉगिन करून कोण कोण आत आहे. अ‍ॅप्लिकेशन जावाचं, टॉमकॅट या वेब सर्व्हरवर चालणारं. मी एचटीटीपीसेशनलिसनर लिहिला, म्हणजे सेशन (एका ब्राउझरच्या भेटीची सर्व्हरने ठेवलेली नोंद) सुरू झालं किंवा संपलं की सर्व्हर ज्याला कळवतो तो कोड. सेशन तयार झालं की काउंटर एकने वाढवायचा, संपलं की एकने कमी करायचा. तासाभरात काम उरकलं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी आकडा माणसांच्या कितीतरी पुढे गेलेला. शोधल्यावर कळलं, की पेज डायरेक्टिव्हमध्ये (पानाच्या सेटिंगच्या ओळीत) ‘सेशन फॉल्स’ लिहिलं नसेल तर जेएसपी पान, म्हणजे सर्व्हरवर तयार होणारं जावाचं वेब पान, स्वतःच सेशन उघडतं. आमचं लॉगिनचं पान जेएसपीच होतं. म्हणजे कुकी (ब्राउझरने जपायची सेशनची खूण) न ठेवणारा बॉट, पानं आपोआप उघडणारा प्रोग्राम, येईल तितक्या वेळा नवं सेशन! त्यात कुणी ब्राउझर बंद केला तरी सर्व्हरला पत्ता लागत नाही. टॉमकॅटचा टाइमआउट बदलला नसेल तर 30 मिनिटांचा असतो, तोवर ते सेशन जिवंतच. तो कमी करायला गेलो तर वेगळीच चूक झाली. वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये ही वेळ मिनिटांत असते, कोडमधल्या सेटमॅक्सइनॅक्टिव्हइंटरव्हलमध्ये सेकंदांत. मी कोडमध्ये 15 लिहिलं आणि लोक फॉर्म भरता भरता बाहेर पडू लागले.

मग काउंटर सोडून मॅप धरला, म्हणजे ‘की’ (शोधायची खूण) देऊन नोंद काढता येते अशी यादी. सेशन आयडी ही त्याची ‘की’. यातला घोळ सापडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सेशन फिक्सेशनचा हल्ला (आधीच माहीत असलेला आयडी दुसऱ्याला वापरायला लावून त्याचं सेशन ताब्यात घेणं) टाळायला लॉगिननंतर आयडी बदलतात, जावाच्या सर्व्हलेट या वेब मानकात 3.1 पासून त्यासाठी चेंजसेशनआयडी आहे. आमच्याकडेही ते होत होतं, आणि व्हायलाच हवं. पण मॅपमधली नोंद जुन्या आयडीची. सेशन संपताना नवा आयडी शोधला जायचा, तो सापडायचा नाही, आणि जुनी नोंद आपल्या सेशन ऑब्जेक्टसकट मेमरीत तशीच अडकून राहायची.

शेवटी आयडीचा नाद सोडला. लॉगिन यशस्वी झालं की सेशनमध्ये एक छोटा ऑब्जेक्ट ठेवायचा, आणि त्यालाच एचटीटीपीसेशनबाइंडिंगलिसनर करायचं. सेशनमध्ये ठेवला की त्याची व्हॅल्यूबाउंड ही मेथड आपोआप चालते, काढला किंवा सेशन संपलं की व्हॅल्यूअनबाउंड. नोंद करणं आणि पुसणं दोन्ही तिथेच. लॉगिन न केलेली सेशन आपोआप बाहेर राहिली. एकाच माणसाची दोन ब्राउझरमधली सेशन एका नावाखाली दिसू लागली, कारण मॅपची ‘की’ आता युजरची होती. मॅप कॉन्करंटहॅशमॅप घेतला, एकाच वेळी अनेक रिक्वेस्टनी बदलला तरी न बिघडणारा. मला ही रचना लिसनरच्या काउंटरपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटते.

तरी एकदा सर्व्हर रिस्टार्ट केला आणि यादी रिकामी, लोक मात्र आतच! टॉमकॅट बंद होताना सेशन फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि सुरू होताना परत वाचतो, आमच्याकडे ते चालू होतं. अशा वेळी व्हॅल्यूबाउंड पुन्हा येत नाही. तोच ऑब्जेक्ट सीरियलायझेबल (फाइलमध्ये लिहिता येईल असा) करून एचटीटीपीसेशनअ‍ॅक्टिव्हेशनलिसनरही केला, सेशनडिडअ‍ॅक्टिव्हेटमध्ये (हे सेशन परत वाचल्यावर चालतं) नोंद परत घातली, तेव्हा नावं परत आली.

एक गोष्ट अजून उरली आहे. आमचं एक पान दर मिनिटाला नव्या सूचना आहेत का ते विचारतं. त्या प्रत्येक रिक्वेस्टने सेशनची घडी पुन्हा शून्यापासून सुरू होते, त्यामुळे टेबल सोडून गेलेला माणूसही यादीत राहतो. खऱ्या क्लिकची वेळ मी आता वेगळी नोंदवतो आहे.