राजमहेंद्रीचे रत्नम् आणि वर्ध्याहून आलेले पत्र

वर्ध्याहून १६ जुलै १९३५ रोजी महात्मा गांधींनी आंध्रातल्या राजमहेंद्री गावच्या एका सोनाराला छोटेसे आभारपत्र लिहिले. ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांच्या हस्ते पाठवलेले फाउंटन पेन मिळाले, ते वापरून पाहिले आणि बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय ठरेल असे वाटते, एवढाच त्या पत्राचा आशय आहे. त्यात कौतुकाचे विशेषण जवळजवळ नाही, आणि माझ्या मते त्याचे मोल त्यामुळेच वाढते. ज्यांना ते पत्र आले ते कोसुरी वेंकट रत्नम् केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले, पण १९३२ मध्ये त्यांनी सुरू केलेले पेनांचे काम त्यांच्या घराण्यात चालू राहिले. शाईच्या पेनाने लिहिणाऱ्या माणसाने एकदा तरी ते ठिकाण पाहावे, असे बरेच दिवस मनात होते, म्हणून या हिवाळ्यात पुण्याहून कोणार्क एक्स्प्रेसने निघाले.

विजयवाडा मागे पडले की दोन्ही बाजूंना भातशेती आणि नारळ सुरू होतात, आणि कोव्वूरनंतर गाडी गोदावरीच्या पुलावर येते. आपल्याकडे नाशिकच्या घाटावर पाहिलेली गोदावरी इथे समुद्राजवळ येता येता एवढी रुंदावते की पलीकडचा काठ गाठायला गाडीला मिनिटे लागतात. जवळच जुना हॅवलॉक पूल दिसतो. तो १९०० साली सुरू झाला आणि १९९७ मध्ये रेल्वेने त्याचा वापर थांबवला. सरकारदरबारी गावाचे नाव २०१५ पासून राजमहेंद्रवरम् झाले आहे. बोलण्यात मात्र जुनी नावेच सर्रास ऐकू येतात.

रत्नम् यांचे दुकान फोर्ट गेट भागातल्या गल्लीत आहे, आणि पाटीवर ‘रत्नम् बॉल पेन वर्क्स’ असे नाव आहे. ज्या घराण्याने शाईच्या पेनाने नाव कमावले त्याच्या पाटीवर बॉल पेन का, याचे मला आधी हसू आले. पण बॉल पेनाने शाईच्या पेनांची बाजारपेठ कशी गिळली हे आठवले, तेव्हा ती पाटी धंदा टिकवण्याची साधी व्यवहारी खूण असावी असे वाटले. दुकान आटोपशीर आहे. गिऱ्हाइकाने बसावे, पेन हातात घ्यावे, कागदावर नाव लिहून पाहावे आणि मग बोलावे, अशी तिथली रीत.

रत्नम् यांची गोष्ट सांगताना बहुतेक जण स्वदेशीच्या भावनेवर भर देतात. मला त्यातला कारागिरीचा भाग अधिक मोठा वाटतो. पहिले पेन गांधींना दाखवले तेव्हा त्यातला काही भाग परदेशी असल्याने त्यांनी ते स्वीकारले नाही, आणि मग रत्नम् यांनी सगळे भाग स्वतः घडवण्याचा ध्यास घेतला, अशी हकीकत सांगितली जाते. ही अट ऐकायला सोपी असली तरी पेन बनवणाऱ्याच्या दृष्टीने फार अवघड होती. नळी, टोपण, आटे ही कामे लेथवर, म्हणजे कातकामाच्या यंत्रावर, हात बसलेला कोणताही कारागीर शिकू शकतो. खरी परीक्षा निबेची असते. सोन्याची निब करायची म्हणजे पत्रा नेमक्या जाडीचा हवा आणि तो ठोकून असा कमावलेला हवा की लिहिताना किंचित लवेल, पण वाकलेला राहणार नाही. त्याला नळीच्या गोलाईचा आकार द्यायचा, मध्ये भोक पाडायचे आणि त्या भोकापासून टोकापर्यंत केसासारखी चीर घ्यायची. चीर जराशी रुंद झाली तर शाई ओघळते, आणि टोकाशी नीट मिटली नाही तर कागदावर उमटतच नाही. जुन्या शाया आम्लयुक्त असल्याने पोलाद गंजे, सोने गंजत नसे. म्हणून चांगल्या पेनाची निब सोन्याचीच असायची. पत्रा ठोकणे, तापवणे, बारीक कापणे, घासून चकाकी आणणे ही सारी कामे सोनाराच्या हातची आहेत. एखाद्या सुताराने किंवा लोहाराने हे काम पत्करले असते, तर निबेपाशी येऊन ते अडले असते असे मला वाटते.

पेनाचे अंग एबोनाइटचे असते. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवले की काळे, कडक, शिंगासारखे द्रव्य तयार होते, त्याचे हे दांडे. कारागीर दांडा करवतीने कापतो, लेथवर धरतो, आतून पोखरतो आणि बाहेरून पटाशीने उतरवत नेतो. गंधकाचा उग्र वास सुटतो आणि काळ्या सालींचा ढीग पायाशी पडत जातो. मग आटे पाडायचे, पॉलिश कागदाने घासायचे, कापडी चाकावर चकाकी आणायची. निबेखालचे फीड, म्हणजे नळीतली शाई निबेपर्यंत आणणारा भाग, तेही एबोनाइटचेच असते. ते किंचित गरम केले की मऊ होते आणि निबेला बिलगून बसवता येते. निब आणि फीड यांच्यात फट राहिली तर चांगली निबही वाया जाते. मी पाहिले तेव्हा हे सगळे नजरेच्या मापाने चालले होते, आणि टोपण फिरवून बंद करताना त्याचा सांधा बोटाला लागतही नव्हता.

हल्ली वेगवेगळ्या रंगांच्या लाकडांचे बारीक तुकडे चिकटवून, मग कातून केलेली नक्षीदार पेने हौशी लोकांकडे दिसतात. ती दिसायला फार देखणी असतात, आणि दोन लाकडांचे उभे-आडवे रेशे एका सांध्यात जुळवणे हे सोपे काम नाही. तरीही लाकूड शाई पिते आणि हवामानाप्रमाणे फुगते-आकसते, म्हणून अशा पेनांना आत पितळेची नळी आणि शाईसाठी वेगळी कांडी लागते. एबोनाइटच्या नळीत शाई थेट ओतता येते. ड्रॉपरने भरायचे, आटे घट्ट फिरवायचे, की पानेच्या पाने लिहून होतात. आत रबरी पिशवी नाही, दट्ट्या नाही, म्हणजे बाहेरून मागवावा लागेल असा सुटा भागही नाही. रत्नम् यांच्या स्वदेशी पेनाला हीच रचना सोयीची होती.

पेन वर्ध्याला पोचवणारे जे. सी. कुमारप्पा हे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार पाहत. हा संघ १९३४ च्या अखेरीस स्थापन झाला. त्याला वर्ध्यातल्या मगनवाडीची जागा जमनालाल बजाज यांनी दिली होती, आणि १९३६ मध्ये सेवाग्रामला जाईपर्यंत गांधींचा मुक्कामही तिथेच असे. बोरू आणि हातकागद यांचा पुरस्कार करणाऱ्या त्या वातावरणात फाउंटन पेन म्हणजे तसे चैनीचेच साधन. त्याला मिळालेली पसंती म्हणूनच सहज मिळालेली नव्हती. त्या वर्षांत ही खटपट एकट्या राजमहेंद्रीत चालली होती असेही नाही. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये घोडा छाप शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली होती; त्यातूनच पुढे कॅमलिन उभी राहिली. एकीकडे शाई आणि दुसरीकडे पेन, दोन्ही कामे एका वर्षाच्या अंतराने सुरू झाली.

आता थोडे नावडते लिहिते. आज आपल्या देशात हाताने केलेल्या पेनांना पुन्हा बरे दिवस आले आहेत, त्यांची किंमतही चांगली येते, परदेशातून मागणी आहे. पण यातल्या कितीतरी पेनांवर निब जर्मन असते, आणि जाहिरातीत ती गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. त्या निबा उत्तम चालतात, हे मी वापरून सांगते, आणि गिऱ्हाइकाला तेच हवे असेल तर कारागिराला दोष देता येत नाही. तरीही जी वस्तू १९३५ च्या आधी याच कारणाने नाकारली गेली होती, ती आज याच कारणाने महाग विकली जाते. नव्या पेनकर्त्यांपैकी एखाद्याने निबेवर काही वर्षे घालवावीत असे मला मनापासून वाटते. रत्नम् यांच्याकडे ना यंत्रे होती, ना परदेशी प्रशिक्षण. ते काम त्यांनी सोनाराच्या अवजारांनी केले.

मी साधे काळे पेन घेतले आणि त्यावर नाव कोरून मागितले. कोरणारा मराठी अक्षरे पाहून थांबला. मग मी ती मोठी करून कागदावर लिहून दिली, त्याने ती बोटाने गिरवली आणि छिन्नी उचलली. जोडाक्षराशी त्याचा हात जरा मंदावला एवढेच.

तिकडे जाणाऱ्यांनी एक-दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नाव कोरायला आणि निब हाताला जुळवून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा परतीची गाडी त्याच संध्याकाळची धरू नये. एबोनाइट गरम पाण्याने धुऊ नये, त्याची चकाकी जाते. उन्हातही ठेवू नये, काळा रंग तपकिरी पडतो. नळीत शाई थोडी उरली की हाताच्या उबेने आतली हवा फुगून थेंब पडतो, म्हणून पेन अर्धे रिकामे होताच भरून घ्यावे. विमानाने परतणार असाल तर ते रिकामे करूनच न्यावे. आणि हाताशी अर्धा दिवस असेल तर जवळच्या धवळेश्वरमला जाऊन इंग्रज अभियंता आर्थर कॉटन याने १८५२ मध्ये पूर्ण केलेल्या बंधाऱ्याची जागा पाहून यावी. शहरातून तिकडे जायला रिक्षा मिळतात.